वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलींचा ताफा आणि डोंगरातला मुक्काम

दिवाळी सरली, घाटातला चिखल वाळला आणि पहाटेची थंडी जाणवू लागली की मुंबई-ठाण्याच्या वाचकांकडून दरवर्षी एकाच विषयावरची पत्रे वाढू लागतात. मित्रमंडळींसह मोटारसायकलींवर निघून सह्याद्रीत तंबू ठोकून राहायचे आहे, तर तयारी कशी करावी, असा त्यांचा मथितार्थ असतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही आठ मित्र आहोत. सहा जण डोंबिवलीत राहतो, दोघे मुलुंडला. डिसेंबरमधील एका शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री नऊच्या सुमारास आठ मोटारसायकलींवरून निघायचे, दोन वाजेपर्यंत भंडारदऱ्याला पोहोचून धरणाच्या काठी तंबू लावायचे आणि रविवारी परतायचे, असा आमचा बेत आहे. शहरात गाडी चालवण्याची सवय सर्वांनाच आहे, घाटाचा अनुभव मात्र दोघांनाच. ताफा कसा चालवावा, सामान कसे बांधावे आणि तंबू कुठे लावावा, याचे मार्गदर्शन करावे. (डोंबिवली)

उत्तर : आपल्या बेतातील स्थळ उत्तम आहे, महिनाही योग्य आहे. निघण्याची वेळ मात्र बदलावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डोंगरातल्या मुक्कामाचा सारा हिशेब मावळतीपासून मागे मोजत यायचा असतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरांच्या कुशीत त्याआधीच सावली पडते. तंबूची जागा निवडणे, दगडगोटे वेचणे, पाण्याची सोय पाहणे आणि गावकऱ्यांशी बोलणे या सर्व गोष्टी उजेडातच नीट होतात. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी दुपारी चारच्या आत पोहोचायचे हा एकच नियम आधी ठरवावा आणि बाकीचे सारे त्याला जुळवून घ्यावे. आठवडाभर काम करून दमलेला माणूस रात्री मालट्रकच्या रांगांतून आणि समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांच्या झोतातून कसारा घाट चढतो, पुढे घोटीनंतरच्या अनोळखी, अंधाऱ्या रस्त्यावर वळणे शोधत जातो आणि रात्री दोन वाजता न पाहिलेल्या जमिनीवर खुंट्या ठोकतो. या क्रमातील प्रत्येक टप्प्यावर चूक होण्याची शक्यता आधीच्या टप्प्यापेक्षा वाढत जाते.

त्यापेक्षा शुक्रवारी रात्री सामान बांधून लवकर झोपावे आणि शनिवारी पहाटे निघावे. डोंबिवलीकरांनी कल्याणहून गांधारी पूल आणि बापगावमार्गे पडघ्याला यावे. मुलुंडच्या दोघांनी माजिवडा आणि भिवंडी बायपासवरून तेथेच यावे. भिवंडीच्या गोदामांमुळे दिवस वर आला की त्या बायपासवर कंटेनरची गर्दी होते, त्यामुळे त्यांनी तो पट्टा पहाटेच ओलांडणे श्रेयस्कर. साडेसहाला पडघ्यात भेट ठरवल्यास कसारा घाट चांगल्या उजेडात चढता येईल. पुढे इगतपुरी, घोटी आणि तेथून महामार्ग सोडून बारीमार्गे शेंडी, म्हणजेच भंडारदरा. ठाण्याहून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर भरते. एकटा माणूस ते साडेतीन तासांत कापेल, पण आठ गाड्यांना साडेपाच तास धरावेत. एकाचा चहा होईपर्यंत दुसऱ्याला पेट्रोल भरायचे असते आणि तिसऱ्याची सामानाची दोरी सैल झालेली असते. समूहाचा वेग अशा थांब्यांवर ठरतो, हे गृहीत धरलेले बरे. घोटीला सर्वांनी टाक्या भरून घ्याव्यात, मग पुढे कोणालाही काट्याकडे पाहत बसावे लागणार नाही.

आता ताफ्याविषयी. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखायचे म्हटले तर दोन गाड्यांत ३३ मीटर मोकळे राहतात आणि आठ गाड्यांची रांग सव्वादोनशे मीटरहून लांब होते. एवढ्या लांब रांगेत ट्रक शिरणारच आणि मागे राहिलेला प्रत्येक जण पुढच्यांना गाठण्यासाठी घाई करणारच. ओव्हरटेक करण्याची ही घाई समूहप्रवासातील सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून आठांचे चार-चार असे दोन गट करावेत आणि घाटाचा अनुभव असलेल्या दोघांना एकेका गटात घालावे. त्यांनी पुढे राहावे की मागे, यावर मतभेद आढळतात. माझे मत असे की अनुभवी माणूस शेवटी असावा, कारण अडचण येते ती मागच्याला आणि ती सोडवण्याची क्षमता तेथेच हवी. पुढे असा माणूस द्यावा ज्याला वेगाचा मोह नाही आणि ज्याने आदल्या रात्री रस्त्याचा नकाशा पाहिलेला आहे. सर्वांत नवखा चालक पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर असावा, म्हणजे गटाचा वेग आपोआप त्याच्या बेताचा राहतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर एक गाडी लेनच्या उजव्या अंगाला आणि पुढची डाव्या अंगाला अशी तिरकी रचना ठेवता येते. घाटाच्या वळणांवर मात्र एकामागे एकच चालावे, म्हणजे प्रत्येकाला वळण घेण्यासाठी आपली पूर्ण लेन मिळते.

मोबाइलची रेंज घोटीनंतर जागोजागी जाते, त्यामुळे «पोहोचलास की फोन कर» या भरवशावर राहू नये. त्याऐवजी एक साधा नियम सर्वांनी पाळावा. रस्ता जेथे फुटतो तेथे प्रत्येकाने सुरक्षित बाजूला थांबावे आणि आपल्या मागचा आपल्याला दिसला, त्यानेही आपल्याला पाहिले, याची खात्री पटल्यावरच वळावे. मागचा आला नाही तर त्याच्या पुढचा थांबतो, तो दिसेना म्हणून त्याच्याही पुढचा थांबतो आणि कोणालाही फोन न करता पूर्ण गट आपोआप थांबतो. हा नियम सर्वांना निघण्यापूर्वी, गाड्या बंद असताना, समोरासमोर उभे राहून सांगावा. ग्रुपवर पाठवलेला लांबलचक संदेश अर्ध्या जणांनी वाचलेला नसतो.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून सोडण्याची सवय असलेले पुष्कळ जण असतात. पेट्रोल वाचते अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात इंजिनाचा रोध निघून जातो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडू लागतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतारही उतरावा आणि ब्रेक धरून न ठेवता मारून सोडत जावे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियमच आहे, तेव्हा उतरणाऱ्याने थांबावे. पुढे-मागे दोघांनाही आयएसआय चिन्हाचे हेल्मेट आवश्यक आहे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा.

सामानाच्या बाबतीत माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे : जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असाव्यात. स्वयंपाकाची भांडी, पाणी आणि हत्यारे दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगांत समान वजनाने भरावीत आणि तंबू, स्लीपिंग बॅग यांसारखे हलके पण मोठे सामान सीटवर आडवे न ठेवता शक्यतो लांबीत बांधावे. त्यासाठी हूक असलेली लवचीक दोरी वापरू नये, बकलाचे पट्टे वापरावेत. ताणलेली दोरी सुटली तर तिचा हूक डोळ्यावर येऊ शकतो. बांधून झाल्यावर पट्ट्यांची मोकळी टोके नीट गुंडाळून खोचावीत. लोंबणारे एखादे टोक वाऱ्याने चेनवर गेले तर चेन ते क्षणात आत ओढते आणि मागचे चाक जाम होते. बॅगेचे कापड सायलेन्सरला टेकत नाही ना, हे मागे माणूस बसवून पाहावे, कारण वजन पडल्यावर सीट आणि बॅग दोन्ही खाली येतात. जादा वजनासाठी टायरमध्ये किती हवा हवी, ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेनकव्हरवरील स्टिकरवर दिलेले असते, तेवढी हवा निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये भरून घ्यावी. आठ जणांत मिळून पंक्चरचे साहित्य, हवेचा लहान पंप, एक क्लच वायर, एक अॅक्सिलरेटर वायर, फ्यूज, चिकटपट्टी आणि पाना-पकड एवढे पुरते. मात्र वायर प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, तेव्हा ज्याच्या गाडीची वायर जुनी झाली असेल त्याने ती आधीच बदलून घ्यावी.

पहिल्या खेपेला तंबू भाड्याने घ्यावेत. विकत घ्यायचे झाल्यास जमिनीकडच्या कापडाची जाडी आणि शिवणी बंद केलेल्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. भंडारदऱ्याच्या परिसरात हिवाळ्यात दव इतके पडते की सकाळी तंबू बाहेरून ओला आणि आतून आपल्याच श्वासाने दमट झालेला असतो. म्हणून वरचे आवरण आणि आतला तंबू एकमेकांना चिकटू देऊ नयेत आणि हवेची जाळी थंडीच्या भीतीने पूर्ण बंद करू नये. हेल्मेट आणि बूट तंबूच्या आत घ्यावेत. बाहेर राहिलेल्या हेल्मेटचा स्पंज दवाने भिजतो आणि मग ते ओले हेल्मेट घालून परतीचा प्रवास करावा लागतो.

जागा निवडताना पाण्याच्या अगदी काठावर जाऊ नये. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या जलाशयाचा काठ दिसायला देखणा असला तरी तेथे ओलावा आणि गारठा सर्वांत जास्त असतो, शिवाय अंधारात काठ नेमका कुठे संपतो ते कळत नाही. जलाशयात पोहायला कोणीही उतरू नये. धरणाच्या पाण्याचा तळ एकसारखा नसतो आणि बूट-जीन्स घातलेला मित्र ओढून काढणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. कोरडा दिसणारा ओढा, कड्याची धार आणि वाळक्या फांद्यांचे झाड या तिन्ही जागा टाळाव्यात. भातकापणीनंतरची खाचरे सपाट असतात, पण ती कोणाच्या तरी मालकीची असतात. घरधन्याला विचारून, ठरलेले पैसे देऊन तंबू लावला तर पाणी, शौचालय आणि अडीअडचणीला माणूस अशा तिन्ही गोष्टी जवळ राहतात. शेंडी, रतनवाडी, साम्रद या गावांत जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी किती जण येणार ते कळवले तर चुलीवरची भाकरी आणि पिठले वेळेवर मिळते आणि पैसाही गावात राहतो. आठ जणांनी आठ स्टोव्ह नेण्यापेक्षा हे मला केव्हाही अधिक योग्य वाटते.

आणखी एक लहान गोष्ट. मऊ मातीत साइड स्टँड रात्रभरात रुततो आणि पहाटे गाडी आडवी पडलेली दिसते. कधी ती तंबूवरही पडू शकते. स्टँडखाली एक चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवावा आणि गाड्या तंबूंपासून दोन गाड्यांच्या अंतरावर लावाव्यात.

प्रश्न : डोंगरात शेकोटी पेटवणे कायद्याने चालते का? काही जण म्हणतात की वनखात्याची परवानगी लागते, काही म्हणतात काहीच लागत नाही. (बोरिवली)

उत्तर : आपण नेमके कुठे आहात यावर हे अवलंबून आहे आणि डोंगर म्हणजे कोणाचीच जमीन नाही हा समज चुकीचा आहे. सह्याद्रीतील जागा साधारणपणे खासगी शेत, गावाची जमीन, राखीव वन किंवा अभयारण्य यांपैकी एक असते. राखीव वनात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार प्रवेशालाच परवानगी लागते आणि आग लावण्यास मनाई आहे. भंडारदऱ्याभोवतीचा रतनगड, साम्रद, हरिश्चंद्रगडाकडील बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी आणि मुक्काम कुठे करता येईल हे तेथेच विचारावे. त्यासाठी लागणारी दहा मिनिटे वाया जात नाहीत, कारण वाटेची ताजी माहितीही त्याच नाक्यावर मिळते.

कायद्यापलीकडचे कारणही सांगितले पाहिजे. डिसेंबरनंतर सह्याद्रीतले गवत गुडघाभर उंच आणि पिवळे पडलेले असते. एक ठिणगी वाऱ्याने उडाली तर पाहता पाहता अख्खा उतार पेटतो. त्या उतारावर गावाची गुरे चरतात आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्याच गवतात असतात. खासगी जागेत, मालकाच्या संमतीने, जमीन साफ करून लहान शेकोटी करता येते. झोपण्यापूर्वी ती पाण्याने विझवावी आणि राखेजवळ हात नेऊन ती गार झाल्याची खात्री करावी. थंडी फारच वाजते म्हणून निखारे किंवा पेटता स्टोव्ह तंबूत आणणे जिवावर बेतू शकते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

स्पीकरविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात मोकळ्या जागी ध्वनिवर्धक लावण्यास ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार बंदी आहे. ज्या गावात पहाटे चारला चूल पेटते तेथे नऊनंतरच शांतता राखणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या गटाबरोबर ती मोटारसायकलवर मागे बसून पवना धरणाकडे मुक्कामाला जाणार म्हणते. तिला अडवावेसे वाटत नाही, पण रात्रभर डोळा लागणार नाही. काय विचारावे, तेच सुचत नाही. (गिरगाव)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि तिला अडवावेसे न वाटणे हेही तितकेच रास्त आहे. सर्वांत आधी गाडी कोण चालवणार आहे, ते विचारावे. त्याच्याकडे परवाना किती दिवसांपासून आहे, त्याने मागे माणूस बसवून घाट पूर्वी चढला-उतरला आहे का आणि गाडीचा विमा चालू आहे का, हे तीन प्रश्न त्यालाच प्रत्यक्ष भेटून, घरी चहाला बोलावून विचारावेत. जबाबदार मुलगा त्याचा राग मानणार नाही, उलट त्याला बरे वाटेल. मुलीसाठी स्वतःचे, तिच्या मापाचे हेल्मेट घ्यावे. मागे बसणाऱ्याला कोणाचे तरी जुने, सैल हेल्मेट देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि सैल हेल्मेट आपटताच डोक्यावरून निघते. सलवार किंवा ओढणी चाकात जाते, म्हणून जाड जीन्स, घोटा झाकणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचे जाकीट हाच पोशाख असावा.

पवनेच्या काठी व्यावसायिक कॅम्प पुष्कळ आहेत. त्यांपैकी नेमका कोणता, तेथील व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक काय आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र, आतून कडी असलेले व दिवा असलेले शौचालय आहे का, ही माहिती मुलीने स्वतः फोन करून घ्यावी. गटात किमान आणखी दोन मुली असाव्यात आणि मुलींचा तंबू मधोमध असावा. मुंबईहून दुचाकींना यशवंतराव चव्हाण द्रुतगती महामार्गावर प्रवेश नाही. त्यांना पनवेल, खोपोली आणि शिंग्रोबाच्या घाटाने जुन्या रस्त्यानेच लोणावळ्याला जावे लागते. गटातल्या कोणी अटल सेतूवरून जाऊ असे सुचवले तर तोही रस्ता मोटारसायकलींना बंद आहे. असे बेत ज्या गटात होत असतील त्याने रस्त्याचा अभ्यास केलेला नाही, एवढे निश्चित समजावे.

दारूविषयी स्पष्टपणे बोलावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि रात्री उशिरापर्यंत घेतलेली दारू सकाळी आठला उतरलेली असतेच असे नाही. परतीच्या दिवशी चालकाविषयी शंका वाटली तर गाडीवर बसू नकोस, लोणावळ्याला येऊन रेल्वेने किंवा एसटीने ये आणि त्याबद्दल घरात कोणीही तुला एक शब्द बोलणार नाही, असे आपण तिला आधीच सांगून ठेवावे. तिच्या पाकिटात त्यासाठी वेगळे पैसे द्यावेत. रात्रभर फोन करत राहण्यापेक्षा पोहोचल्यावर, झोपताना आणि निघताना असे तीन संदेश ठरवून घ्यावेत.

प्रश्न : आमच्या गटात दोघांकडे ११० सीसीच्या स्कूटर आहेत. त्यांना बरोबर न्यावे का? (कांजूरमार्ग)

उत्तर : अवश्य न्यावे, पण मार्ग त्यांच्या बेताचा निवडावा. स्कूटरला गिअर नसल्याने उतारावर इंजिनाचा रोध कमी मिळतो आणि तिचे ड्रम ब्रेक लवकर तापतात. लांब उतारावर दर काही किलोमीटरवर थांबून चाकांना थंड होऊ द्यावे, पण त्यांवर पाणी ओतू नये. चाके लहान असल्याने खड्डा जास्त लागतो, म्हणून कच्च्या रस्त्याची ठिकाणे टाळावीत. मागे माणूस आणि सामान दोन्ही लादू नयेत. स्कूटरवाल्यांचे तंबू मोटारसायकलवाल्यांनी घ्यावेत.

प्रश्न : तंबूत साप किंवा विंचू शिरला तर काय करावे? आमच्यापैकी एकाला याची इतकी भीती आहे की तो येण्यास तयार नाही. (परळ)

उत्तर : या भीतीला आधार आहे, पण उपायही सोपे आहेत. आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी मण्यार रात्री हिंडते आणि उघड्यावर जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश झाल्याचे कित्येकदा कळतही नाही, इतका तो कमी दुखतो. त्यावर सर्वांत परिणामकारक बचाव म्हणजे तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू. आत-बाहेर करताना चेन अर्धवट उघडी टाकू नये, खरकटे तंबूजवळ ठेवू नये कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. रात्री बाहेर पडताना टॉर्च व बूट दोन्ही हवेत. सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नये. सरपणाचा ढीग आणि दगडांची रचलेली ताल यांत हात घालू नये.

दंश झालाच तर त्या माणसाला झोपवून शांत ठेवावे, अंगठी, घड्याळ, कडे काढावे, तो हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला बांधून स्थिर करावा आणि वेळ लिहून ठेवावी. घट्ट आवळून बांधू नये, चिरू नये, तोंडाने विष ओढू नये आणि साप शोधण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप कोणता हे सांगता आले नाही तरी उपचार अडत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मुक्कामाजवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच सर्वांनी माहीत करून घ्यावे. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे पहाटे कोणात दिसली तर दंशाची खूण सापडो न सापडो, दवाखाना गाठावा.

कोकणपट्ट्यातील लाल विंचूही गंभीर असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यावर दाखवून दिला आणि पूर्वी हमखास प्राणघातक ठरणाऱ्या कित्येक दंशांतून माणसे वाचू लागली. घाम फुटणे, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच दवाखान्यात न्यावे, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. आपल्या मित्राला हे सारे सांगून पाहावे. तरीही त्याची तयारी नसेल तर गावातल्या घरात त्याची झोपण्याची सोय करावी. दिवसभर तो सर्वांबरोबर असतोच.

त्यापेक्षा दुर्लक्षिला जाणारा धोका आग्या मोहोळाचा आहे. कडे आणि लेण्यांच्या छतावर ती पोळी असतात. धूर आणि तीव्र अत्तराचा वास यांनी माश्या उठतात. तेथे शेकोटी करू नये आणि माश्या उठल्याच तर हात न हलवता, डोके झाकून तेथून पळावे.

प्रश्न : सह्याद्रीतल्या काही मुक्कामांनंतर पुढच्या जुलैत मनाली-लेह रस्त्याने तंबू घेऊन जाण्याचा आमच्या गटाचा विचार आहे. मुंबईहून गाड्या कशा न्याव्यात? सह्याद्रीचा अनुभव तेथे किती उपयोगी पडेल? (अंधेरी)

उत्तर : ताफा चालवण्याची शिस्त जशीच्या तशी उपयोगी पडेल, शरीराची तयारी मात्र वेगळी लागेल. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर आहे. मनालीच मुळी २,००० मीटरच्या पुढे आहे आणि लेह साधारण ३,५०० मीटरवर. वाटेतली बारालाचा खिंड ४,८०० मीटरहून उंच आहे. या उंचीवर विरळ हवेमुळे डोके दुखणे, मळमळ आणि झोप न लागणे सुरू होते. तंदुरुस्त तरुणालाही त्यातून सूट नसते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या, ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची खिंड न चढता लाहौलमध्ये जाता येते. वेळ वाचतो, पण शरीराला चढ अंगवळणी पडण्याची सवड कमी मिळते. म्हणून वाचलेला दिवस मनाली किंवा केलाँग-जिस्पा परिसरात घालवावा. अनेक गट दुसरा मुक्काम सरचूला करतात. ते ४,२०० मीटरच्या वर आहे आणि रात्रीचा त्रास बहुतेकांना तेथेच होतो. जिस्पाला दोन रात्री राहून पुढचा टप्पा पहाटे सुरू करावा, असे मी सुचवीन. लक्षणे वाढत असतील, चाल अडखळत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर खाली उतरणे हाच इलाज आहे, मग बेत अर्धवट राहिला तरी चालेल.

गॅसच्या छोट्या डब्यांत केवळ ब्युटेन असेल तर गोठणबिंदूच्या आसपास तो पेटेनासा होतो, तेथे प्रोपेनचे मिश्रण असलेला डबा घ्यावा. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्या विरळ हवेत गुदमरतात आणि जास्त पेट्रोल पितात. इंधन-इंजेक्शन असलेल्या गाड्यांना हा त्रास कमी होतो. केलाँगच्या अलीकडच्या तांदी गावातील पंपावरची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी पाटी प्रवाशांत प्रसिद्धच आहे. १३ लिटरची टाकी आणि लिटरला ३० किलोमीटर धरले तर कागदावर ३९० किलोमीटर होतात. चढ, वजन आणि उंची धरता तेवढे मिळण्याची आशा ठेवू नये. पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा डबा प्रत्येकाने बरोबर ठेवावा, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांत पेट्रोल नेऊ नये.

भाड्याच्या गाडीचा विचार असेल तर एक गोष्ट आधी पाहावी. लडाखबाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकलींना तेथील स्थानिक व्यावसायिकांचा विरोध असतो आणि लेहच्या पुढे फिरताना अडवले जाते. स्वतःच्या नावावरची गाडी असल्यास ती मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने चंदीगडपर्यंत पाठवता येते. नोंदणीपत्र आणि ओळखपत्र यांच्या प्रती लागतात, गाडी गोणपाटाने आणि पुठ्ठ्याने बांधून द्यावी लागते आणि आरसे काढून वेगळे ठेवलेले बरे. पार्सल आपल्याच रेल्वेगाडीने त्याच दिवशी पोहोचेल असे धरून चालू नये, म्हणून चंदीगडला एक दिवस हाताशी ठेवावा. गाडी देण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करून दाखवावी लागते, त्यामुळे पार्सल कार्यालयापासून पहिल्या पंपापर्यंत गाडी ढकलत न्यावी लागेल. तो पंप किती अंतरावर आहे, हे उतरण्याआधीच नकाशात पाहून ठेवावे.